पॅकर्सचा इतिहास कोठून वाचावा

ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाची ओळख करून घेताना आपण थेट अलीकडच्या काळातील खेळाडू अ‍ॅरन रॉजर्सपासून सुरुवात करू नये, असे मी सुचवेन. १९१९ मध्ये संघाचे सहसंस्थापक कर्ली लॅम्बो यांनी ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीच्या पैशातून गणवेश घेतले, तिच्यावरून संघाला हे नाव मिळाले. ‘इंडियन पॅकिंग कंपनी’ या तिच्या नावातील ‘इंडियन’ या शब्दाचा मात्र आपल्या देशाशी संबंध नाही. संघाचे खेळाडू डॉन हटसन यांनी पास झेलून केलेल्या ९९ टचडाउनांचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात नेऊन मिळवलेल्या गुणांचा) विक्रम त्यांच्या निवृत्तीनंतरही चार दशके अबाधित राहिला, म्हणून त्यांच्याकडे आधी वळावे. त्यानंतर प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांचा काळ सावकाश अभ्यासावा, कारण १९६१ ते १९६७ या सात हंगामांत त्यांनी पाच विजेतेपदे मिळवली, आणि ३१ डिसेंबर १९६७ च्या हाडे गोठवणाऱ्या थंडीतील सामन्यात क्वार्टरबॅक (आक्रमणाचे नेतृत्व करणारे खेळाडू) बार्ट स्टार यांनी स्वतः चेंडू घेऊन मारलेली निर्णायक मुसंडी त्यातच येते.