‘सर, फक्त दोन मिनिटं’

प्रश्न : नऊ वर्षं जर्मनीत काढून मागच्या दिवाळीत पुण्यात परत आलो. तिथे लेटरबॉक्सवर ‘जाहिराती नकोत’ची चिठ्ठी चिकटवली की पत्रकं टाकणारा पुढे जायचा. एआरडी, झेडडीएफ या तिथल्या सरकारी नसलेल्या पण सार्वजनिक टीव्ही वाहिन्यांवर रात्री आठनंतर जाहिराती नाहीत, रविवारी तर अजिबात नाहीत. इथे आंघोळीला जायच्या आत दोन लोनवाले आणि एक फ्लॅटवाला होऊन जातो! मी चिडतो तर आई म्हणते, कट कर की फोन, त्यात काय एवढं. मीच नाजूक झालोय का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : थोडे झाला असाल, पण आम्ही इथे राहून बधिर झालोय त्याचं काय? चौकातल्या फ्लेक्सवर या आठवड्यात कुठल्या भाऊंचा वाढदिवस होता हे मला विचाराल तर सांगता येणार नाही, आणि रोज तिथूनच जाते.

जर्मनीत तुमची आधी परवानगी असल्याशिवाय जाहिरातीचा फोन करणंच बेकायदा, दंड तीन लाख युरोपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे उलटं, नको असेल तर तुम्ही सांगायचं. तर सांगून टाका. १९०९ ला एसएमएस करा, इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून स्पेस देऊन शून्य, झालं डीएनडी, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’. तरी फोन येणारच, कारण नियमाने टेलिमार्केटिंगवाल्यांनी १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचा असतो आणि हे लोक साध्या दहा आकडी मोबाइलवरून करतात. अशांची तक्रार पण १९०९ लाच, किंवा ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, डीएनडी ॲपवर. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

आणि नंबर जातो कुठून ते पण बघा. मी मेडिकलमध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप घेतली, काउंटरवरच्या मुलाने ‘मॅडम नंबर?’ म्हटलं आणि मी पोपटासारखा सांगून मोकळी, मग महिनाभर ‘बॉडी चेकअपवर सूट’चे मेसेज. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका असं ग्राहक मंत्रालयाने दुकानदारांना २०२३ मध्येच सांगितलंय, तेव्हा ‘नाही देत’ म्हणायला लाजू नका.

होर्डिंगचं मात्र डीएनडी नाही. घाटकोपरला मे २०२४ मध्ये पेट्रोल पंपावर जे कोसळलं ते १२० बाय १२० फुटांचं होतं, परवानगी ४० बाय ४० पर्यंतच मिळते, आणि १७ माणसं गेली. त्यावर चिडणाऱ्याला नाजूक म्हणणार असाल तर मीही नाजूकच.

आईंच्या फोनवर डीएनडी टाकायच्या आधी त्यांना विचारा हं. आमच्या सासूबाईंनी परवा लोनवाल्या मुलीचं गाव, घरात कोण कोण, लग्न ठरलंय का सगळं विचारून घेतलं, शेवटी तिनेच फोन ठेवला.