आधी विम्याचा भाव, मग गाडी

भाऊ, चोपड्याहून ब्रिटनमधल्या लेस्टरला आल्यावर पहिली गाडी कोणती घ्यावी आणि एमएच-१९ च्या लायसन्सवर विमा मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मिळतो, पण महाग. म्हणून गाडी पसंत करण्याआधी तिच्या विम्याचा भाव काढा. जळगावला गाडीचा विमा असला की चुलतभाऊही लायसन्सवर ती घेऊन जातो. इथं पॉलिसीत ज्याचं नाव, साधारणपणे त्यानंच चालवायची.

भारतीय लायसन्स इथं राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. ते बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल द्यावीच लागते. प्रॅक्टिकलची तारीख लवकर मिळत नाही, तेव्हा आल्या आल्या प्रोव्हिजनलचा अर्ज करा. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली, तर नंतर गिअरची गाडी चालवता येत नाही.

विम्यासाठी जुन्या गाड्यांचे १ ते ५० गट आहेत. १ लिटरची पेट्रोल आय१०, पिकँटो, आयगो किंवा फोक्सवॅगन अप खालच्या गटांत येते. आपल्याकडच्या माणसाचा जीव डिझेलवर. पण शहरातल्या छोट्या फेऱ्यांत डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. तो जळून साफ व्हायला लांब, सलग धाव लागते.

जुनी गाडी बघताना नंबर टाकून सरकारी साइटवर एमओटीचा (गाडीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास फुकट वाचा. गंजाचा शेरा दिसला तर खालून नीट बघा: हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं ब्रेकचे पाइप आणि सांगाडा गंजतो. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ते थोडे पैसे देऊन तपासता येतं. तिथं काटकसर करू नका. विकणाऱ्याचा रोड टॅक्स तुमच्या नावावर येत नाही, नवा भरूनच गाडी हलवायची.

आता फॉर्म. थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारा विमा) स्वस्त असेलच असं नाही. काँप्रिहेन्सिव्हचा, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरणाऱ्या विम्याचा, भावही काढा, कधी तोच कमी निघतो. एक्सेस म्हणजे क्लेममधला तुमचा वाटा. हप्ता उतरावा म्हणून तो फार वाढवू नका: २,००० पाउंडांच्या गाडीवर एकूण एक्सेस ७५० असेल, तर गाडी पूर्ण गेल्यावर हातात १,२५० च येतात. कामावर गाडी नेणार असाल तर ‘कम्यूटिंग’ निवडा. जेवणाची डिलिव्हरी साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला वेगळा विमा लागतो. आणि जुन्या मित्राला मुख्य चालक दाखवून रोज गाडी आपण चालवायची, हा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. तो फसवणुकीचा गुन्हा आहे. पॉलिसी रद्द होते आणि पुढं विमा मिळणं अवघड होतं. विम्याशिवाय सापडलात तर ३०० पाउंड दंड आणि लायसन्सवर शिक्षेचे ६ पॉइंट. इथली परीक्षा पास झाल्यापासून २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा थिअरीपासून सुरुवात.

भाव विमा सुरू व्हायच्या साधारण ३ आठवडे आधी काढा. त्याच दिवशी काढला तर बहुधा जास्त पडतो. ब्लॅक बॉक्स (गाडी कशी चालवता ते नोंदवणारं यंत्र) बसवायची तयारी असेल तर तोही भाव बघा. भारतातला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) बहुतेक कंपन्या धरत नाहीत, तरी विमा कंपनीकडून तसं पत्र मागून घ्या. निघण्याआधी परिवहनच्या साइटवरून लायसन्सचा उतारा काढा. त्यावरची पहिली तारीख आणि फॉर्ममध्ये भरलेली लायसन्सची वर्षं जुळली पाहिजेत.