एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या फायनलमधला सगळ्यात अविस्मरणीय क्षण कोणता?

आमच्या सांगलीत विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर हा वाद मिटतच नाही. थोरली मंडळी १९९८ च्या मायकेल जॉर्डनच्या विजयी शॉटवर अडून बसतात. माझं मत २०१३, मायामीविरुद्ध सॅन अँटोनियो, सहावा सामना, मायामीचा रे ॲलन. चार सामने जिंकेल तो विजेता, आणि सॅन अँटोनियो मालिकेत ३-२ ने पुढे, करंडक द्यायच्या तयारीत मैदानाकडेला दोरसुद्धा आणलेले. मायामीच्या लेब्रॉनचा नेम चुकला, त्याचा साथीदार बॉशने रिबाउंड घेतला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडला, आणि ॲलन खाली न बघता मागे सरकत कोपऱ्यात पोचला. पाय बरोबर तीन गुणांच्या रेषेमागे, उडी, तीन गुण! ९५-९५, ५.२ सेकंद बाकी. मायामी ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत, जिंकली, मग सातवा सामनाही.

२०१६ च्या फायनलमधला लेब्रॉनचा ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा बास्केटकडे जाणारा चेंडू अडवणं? भारीच. पण तेव्हा ८९-८९ बरोबरी होती. इथं हंगामच हातातून चालला होता.