वाचकांचे प्रश्न : पुरावा पटला, मग शिक्षा का?

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांच्या वाचनमंडळासाठी हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (1960) निवडली आहे. मुलांना खटला आवडेल, म्हणून थेट तिथूनच सुरुवात केली तर? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : तसं करू नका. एकूण 31 प्रकरणं आहेत आणि टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर मेयेला या गोऱ्या तरुणीवरच्या अत्याचाराच्या खोट्या आरोपाचा खटला 17 ते 21 मध्ये येतो. वेळ कमी असेल तर मधलं थोडं गाळा, पण तिसरं प्रकरण मोठ्याने वाचाच. वॉल्टर हा गरीब घरचा मुलगा गोष्ट सांगणाऱ्या स्काउट या मुलीकडे जेवायला येतो आणि ताटातल्या भाजीवर, मटणावर काकवीसारखा गोड पाक ओततो. स्काउट सगळ्यांसमोर त्याला टोकते. घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅलपर्निया तिला आत नेऊन चांगलीच झापते. पंधराव्या प्रकरणात टॉमला मारायला तुरुंगासमोर जो जमाव येतो, त्यात याच वॉल्टरचे वडील असतात. स्काउट त्यांना ओळखते, त्यांच्या मुलाची चौकशी करते आणि ते माणसांना घेऊन मागे फिरतात. पाकाचं ताट वाचलेलं नसेल तर हे वळण मुलांना चमत्कार वाटतं.

प्रश्न : मेयेलाला मारणाऱ्याने डावा हात वापरला की उजवा, या साक्षीत मुलं गोंधळतात. – एक वाचक, मिरज

उत्तर : दोन मुलांना समोरासमोर उभं करा. एकाच्या उजव्या तळहाताला खडूची पूड लावा आणि तो समोरच्याच्या गालाला हलकेच टेकवायला सांगा. पूड डाव्या गालावर उमटते. डाव्या हाताने केलं की उजव्या गालावर. मेयेलाचा उजवा डोळा काळानिळा झालेला आहे आणि तिचा बाप कोर्टात डाव्या हाताने सही करतो. गोंधळ होतो तो ‘बघणाऱ्याचा उजवा की तिचा’ यावरून. शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख) टेटसुद्धा साक्षीत आधी डावा म्हणतो, मग सुधारतो.

पण एवढ्यावर थांबू नका. गळ्याभोवती चहूबाजूंनी बोटांचे वळ आहेत, त्याला दोन हात लागतात. टॉम रॉबिन्सनचा डावा हात बाराव्या वर्षी सरकी काढायच्या यंत्रात सापडून निकामी झाला आहे. मुलं इथे म्हणतात, “मग तो सुटणारच!” तो सुटत नाही. कारण एकोणिसाव्या प्रकरणात आहे : मेयेलाची कामं फुकट का करत होतास, असं विचारल्यावर टॉम सांगतो की मला तिची दया आली. सरकारी वकील तेच वाक्य उचलून धरतो. 1930 च्या दशकातल्या अलाबामात काळ्या माणसाने गोऱ्या बाईची दया करायची म्हणजे पायरी सोडायची. आमच्या मते हीच कादंबरीची गाभ्याची जागा. ‘गरिबांवर दया करा’ एवढाच धडा काढला तर ती हातून निसटते. दया कोणी करायची याचाही हक्क वाटून दिलेला होता, हे मुलांना दिसलं पाहिजे.

प्रश्न : मुलं म्हणतात, “हे अमेरिकेतलं, आपल्याकडे असं नाही.” – एक पालक, कराड

उत्तर : मसूरचं स्टेशन तुमच्या तालुक्यातच आहे. 1901 मध्ये नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर भाऊ-भाच्यांबरोबर साताऱ्याहून खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडे निघाले आणि तिथे उतरले. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण सोबत पायी चालायचं या अटीवर. डबा सोबत होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही, म्हणून तो खाता आला नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेला हा मजकूर टॉमच्या साक्षीनंतर लगेच वाचायला द्या. वाचून झाल्यावर कुठल्याही मुलाला “तुझ्या घरी असं झालंय का?” असं वर्गात विचारू नका. ज्याला सांगायचं असेल तो कागदावर लिहील. नाव न घालायची मुभा आधीच द्या.