रॅपिड्सला मराठीत काय म्हणावं: द्रुतवाह, प्रपात की खळाळ?

राफ्टिंगच्या एका सुरक्षा-पत्रकाचं मराठी करताना एकांनी विचारलं आहे: 'रॅपिड्स'साठी, म्हणजे नदीत खडकाळ, उथळ उतारावरून पाणी फेसाळत धावतं त्या जागेसाठी, काय लिहावं? 'द्रुतवाह' हा शब्द सापडतो पण तोंडात बसत नाही, 'धबधबा' चुकीचा वाटतो, मग सरळ 'वेगवान प्रवाह' लिहिलं तर चालेल का?

माझं मत 'खळाळ'च्या बाजूने आहे. शब्द पुल्लिंगी: हा खळाळ, ते खळाळ, खळाळात, खळाळाच्या खाली. तो पाण्याच्या आवाजालाही लागतो आणि ते पाणी जिथे आवाज करत धावतं त्या जागेलाही. आता बाकीचे शब्द का नकोत ते सांगतो, कारण त्यासाठी नदी तिथे नेमकं काय करते हे पाहावं लागतं.

'वेगवान प्रवाह' तर मुळीच नको. भर पावसात दुथडी भरलेली नदी अतिशय वेगात जात असते, पण तिचा पृष्ठभाग बऱ्याचदा सपाट, मातकट आणि जवळजवळ मुका असतो. अशा वेळी आपण 'पाण्याला ओढ आहे' म्हणतो, खळाळ म्हणत नाही. नुसत्या वेगाने खळाळ होत नाही. त्याला वेगासोबत उथळपणा लागतो, उतार लागतो आणि पाण्याखाली अडथळा लागतो. 'द्रुतवाह'मध्येही हीच उणीव आहे. भूगोलाच्या पुस्तकात आणि विश्वकोशाच्या नोंदींत तो रुळला आहे, तिथे तो खुशाल राहावा. पण द्रुत म्हणजे जलद आणि वाह म्हणजे प्रवाह, एवढंच तो सांगतो. खडक आणि उथळ पाणी त्यात कुठेच नाही.

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण आपण माणसांना लावतो, पण नदीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. उथळ पाण्यावर उठलेली लहर किती वेगाने पसरेल हे खोलीवर ठरतं. पाणी अर्धा मीटर खोल असेल तर लहर सेकंदाला साधारण २.२ मीटर सरकते. खडकावरून घसरणारं पाणी स्वतःच याहून जोरात धावू लागलं, की लहरीला उगमाच्या दिशेने वर चढताच येत नाही. तेच धावतं पाणी खालच्या खोल, संथ पाण्यावर आदळतं तेव्हा त्याचा वेग एकदम मोडतो, पाणी उसळी मारून उंचावतं, हवा गिळतं आणि बुडबुड्यांनी पांढरं होतं. या उसळीची गंमत अशी की ती हलत नाही. समुद्रात लाट पुढे येते आणि पाणी जवळजवळ जागच्या जागी वरखाली होतं. खळाळात पाणी पुढे निघून जातं आणि लाट तिथेच उभी राहते. म्हणून तर पट्टीचे नावाडी एखाद्या खळाळातली प्रत्येक लाट जागेसकट ओळखतात.

आता तो बनतो कुठे? पात्रात जिथे टणक खडकाची पट्टी आडवी येते तिथे, जिथे काठ जवळ येऊन पात्र आवळतं तिथे, किंवा जिथे एखादा ओढा डोंगरातून दगडधोंडे आणून नदीत टाकतो तिथे. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत, काही घट्ट आणि काही सच्छिद्र, मऊ. नदी मऊ थर लवकर झिजवते आणि घट्ट थराची पायरी मागे उरते. शिवाय कोकणातल्या नद्यांना घाटमाथ्यापासून समुद्र फार दूर नाही, त्यामुळे वरच्या टप्प्यात उतार भरपूर.

ओढ्याने घडवलेल्या खळाळाचं उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीत आहे. डिसेंबर १९६६ मध्ये तुफान पाऊस पडून ग्रँड कॅन्यनमधल्या क्रिस्टल नावाच्या ओढ्यातून चिखल आणि मोठमोठ्या शिळांचा लोंढा नदीत उतरला. पात्र अरुंद झालं, आणि तोवर फारशी दखल न घेतली जाणारी ती जागा त्या नदीतल्या सर्वांत अवघड खळाळांपैकी एक होऊन बसली. याच दरीत ल्यूना लिओपोल्ड या जलशास्त्रज्ञाने मोजून दाखवलं, की नदीचा सुमारे निम्मा उतार तिच्या लांबीच्या जेमतेम दहा टक्क्यांत, म्हणजे खळाळांतच, उतरून जातो. उरलेल्या नव्वद टक्क्यांत ती निवांत असते. आपल्या बोलीत याची जोडी आधीपासून तयार आहे: खळाळ आणि डोह. खळाळाला 'द्रुतवाह' केलं की ही जोडी तुटते, हे मला फार लागतं.

'प्रपात'ने तर गोंधळच केला आहे. आस्वान आणि खार्टूमच्या दरम्यान नाईलचे सहा प्रपात आहेत असं आपण वाचतो आणि डोळ्यांसमोर सहा धबधबे उभे राहतात. तिथे कड्यावरून कोसळणारं पाणी नाहीच. टणक खडकांची बेटं, त्यांच्यामधून वाट काढणारं उथळ, फेसाळ पाणी, म्हणजे ते सगळे खळाळच. त्यांतला दुसरा आता नासर जलाशयाखाली गेला आहे. पाणी पुरेसं खोल झालं की खळाळ उरत नाही, खडक मात्र तिथेच असतात. धबधब्याचा कडा पाणी नसलं तरी कडाच राहतो; खळाळ मात्र पाण्याच्या पातळीसोबत जन्मतो, बदलतो, बुडतो.

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीकाठच्या कोलाडला हे रोज पाहता येतं. मुळशी धरण मुळा नदीवर आहे, म्हणजे ते पाणी एरवी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जायचं. ते पश्चिमेला वळवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवतात आणि मग कुंडलिकेत सोडतात. भर उन्हाळ्यातही तिथे राफ्टिंग होतं ते या पाण्यावर. सोडलेलं पाणी येईपर्यंत पात्रात नुसते दगड दिसतात. पाणी चढू लागलं की आधी दगडांभोवती पांढऱ्या रेघा उमटतात, मग दगड बुडतात आणि लाटा उभ्या राहतात. पत्रकात 'पाणी सोडण्याच्या वेळा विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका' हे ठळक लिहाच.

पत्रकासाठी आणखी दोन शब्द. खडकाच्या मागे, उताराच्या बाजूला, पाणी उलटं, उगमाच्या दिशेने वाहतं. तिथे 'उलटा ओघ' लिहा. नाव विसाव्याला थांबते ती जागा हीच. पण शिळेवरून पडून पाणी तळाशी गोल फिरतं आणि वरचा फेस मागे, शिळेकडे ओढला जातो, ती जागा वेगळी आणि जिवावरची. राफ्टिंगवाले तिला 'होल' म्हणतात. तिला 'भोवरा' म्हणू नका. भोवरा म्हटलं की वाचक पाण्यावर गरगरणारं वर्तुळ शोधेल, आणि ते त्याला दिसणार नाही. 'होल' ठेवून पुढे एका ओळीत समजावून सांगा.

अवघडपणाच्या श्रेणींसाठी 'पहिल्या ते सहाव्या श्रेणीचा खळाळ' असं सरळ लिहिता येईल. आणि सूचना अशी: 'खळाळात पाण्यात पडल्यास उभं राहू नका, पाय दगडांत अडकेल. पाठीवर पडून पाय पुढे आणि वर ठेवा, डोहात पोहोचल्यावर काठाकडे पोहा.'