'रिडिक्युलस' जरा बेतानं

तुझा इंग्रजी लेख वाचला. 'रिडिक्युलस' (म्हणजे हास्यास्पद) चारदा आलाय, एकच ठेव. स्पेलिंगही बघ: 'आर'नंतर 'आय' येतो, 'ई' नाही. मूळ लॅटिन 'रिडेरे', म्हणजे हसणं; पण हल्ली या शब्दात हसू कमी, वैतागच जास्त.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीला 'रिडिक्युलस' भाव मिळाला, असं लिहिलंयस. चढा की पडेल? इंग्रजीत दोन्ही निघतं! सरळ क्विंटलचा आकडा टाक, वाचणारा काय ते ठरवेल. त्याच अर्थाचा दुसरा शब्द 'ल्युडिक्रस', तो मी खऱ्या फजितीसाठी राखून ठेवतो: उद्घाटनाला कात्रीच नाही, म्हणून साहेब दातांनी फीत तोडतायत, असल्या. आणि हो, दोन्ही शब्द माणसाला लावू नकोस, त्याच्या म्हणण्याला लाव.