प्रश्न तुमचे: प्रिन्सचा ‘बॅटमॅन’ ऐकताना

दिग्दर्शक टिम बर्टनचा सिनेमा ‘बॅटमॅन’ २३ जून १९८९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या तीनच दिवस आधी, २० जूनला, अमेरिकी गायक-संगीतकार प्रिन्सचा त्याच नावाचा अल्बम दुकानांत आला होता. त्या अल्बमविषयी आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

जुन्या बाजारात ‘बॅटमॅन’ची सीडी मिळाली. सिनेमाच्या सुरुवातीची ती भारदस्त धून तिच्यात नाहीच. सीडी बनावट आहे का? (नाशिक)

नाही, सीडी खरीच असणार. आपल्याकडे श्रेयनामावलीत ‘संगीत’ एकाचं आणि ‘पार्श्वसंगीत’ दुसऱ्याचं असतं, तसंच इथे आहे. तुम्हाला हवी असलेली धून डॅनी एल्फमनची. ते पार्श्वसंगीत लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालं, शर्ली वॉकर यांनी वाद्यवृंदाचं संचालन केलं आणि त्याचा अल्बम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतंत्रपणे निघाला. दोन्हींच्या नावात ‘बॅटमॅन’ असल्याने गफलत आजही होते. घेण्याआधी मागच्या बाजूची यादी मोजा: ९ गाणी असतील तर प्रिन्स, २१ तुकडे असतील तर एल्फमन.

सिनेमात प्रिन्सची गाणी नेमकी कुठे आहेत? दोनदा पाहिला, दोनच सापडली. (कोल्हापूर)

ठळकपणे ऐकू येणारी दोनच आहेत. सिनेमातला खलनायक जोकर आणि त्याची टोळी मोठा टेपरेकॉर्डर खांद्यावर घेऊन संग्रहालयात शिरते आणि चित्रांवर रंग फासत सुटते, तिथे ‘पार्टीमॅन’. (फ्रान्सिस बेकनच्या चित्रापाशी मात्र जोकर हात आडवा घालतो. त्याची अभिरुची चांगली म्हणायची.) दुसरं ‘ट्रस्ट’, जोकर मिरवणुकीत नोटा उधळतो तेव्हा. बाकीच्यांपैकी काही पार्टीच्या गलक्यात मागे पुसट वाजतात. ‘स्कॅन्डलस’ शेवटच्या श्रेयनामावलीवर आहे, म्हणजे दिवे लागले की उठणाऱ्यांच्या हाती ते लागत नाही.

म्हणून हा अल्बम सिनेमाची आठवण म्हणून ऐकायला गेलात तर हाती फार काही लागणार नाही. प्रिन्सने सिनेमातली पात्रं घेऊन आपलं वेगळंच नाटक मांडलं आहे. सोबतची पुस्तिका उघडून ऐका. कुठलं गाणं कोणाच्या तोंडी आहे ते तिथे छापलं आहे: ‘द फ्यूचर’ बॅटमॅनचं, ‘इलेक्ट्रिक चेअर’, ‘पार्टीमॅन’ आणि ‘ट्रस्ट’ जोकरची, ‘विकी वेटिंग’ ब्रूस वेनचं (म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन), ‘लेमन क्रश’ नायिका विकी व्हेलचं. गायिका शीना ईस्टनबरोबरचं ‘द आर्म्स ऑफ ओरायन’ म्हणजे ब्रूस आणि विकीचं युगुलगीत. आमच्या मते अल्बममधलं सगळ्यात कच्चं गाणं तेच. पुस्तिकेत ‘जेमिनाय’ हे नाव दिसेल, ते पात्र सिनेमात शोधू नका. अर्धा चेहरा जोकरचा आणि अर्धा बॅटमॅनचा, असं हे प्रिन्सचं स्वतःचं सोंग आहे. अल्बममधल्या शेवटच्या गाण्याच्या, ‘बॅटडान्स’च्या, व्हिडिओत ते पाहायला मिळतं.

रेट्रो नाइटला ‘बॅटडान्स’ लावलं की मध्येच नाचणारे थबकतात आणि पुढच्या गाण्याशी बीटही जुळत नाही. काय करावं? (पुणे)

चूक तुमची नाही, गाण्याची घडणच तशी आहे. सरळ मुखडा-अंतरा नसलेलं हे गाणं म्हणजे गोधडी आहे: सिनेमातले संवाद, ‘द फ्यूचर’ आणि ‘इलेक्ट्रिक चेअर’सारख्या आपल्याच गाण्यांची कात्रणं, गिटार, आणि १९६६च्या टीव्ही मालिकेसाठी नील हेफ्टी यांनी केलेल्या धूनमधला तो ‘बॅटमॅन!’ असा पुकारा. सुरुवात वेगवान, मध्यावर गाडी एकदम संथ, झुलत्या फंकवर येते, शेवटी पुन्हा धावते. सिनेमात हे गाणं कुठेच नाही, तरीही ऑगस्ट १९८९मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

मिक्सिंगचं सॉफ्टवेअर बहुतेकदा पूर्ण गाण्याला एकच वेग धरून बीटच्या रेघा आखतं, त्यामुळे संथ भागात रेघा सरकतात. वेग जिथे बदलतो तिथल्या पहिल्या ठोक्यावर नवी खूण टाका आणि पुढचा वेग वेगळा मोजून घ्या. मग पुन्हा वेग वाढतो तिथे तेच करा. हॉटक्यूही (बटण दाबताच गाणं जिथून सुरू होतं त्या खुणा) तीन ठेवा, प्रत्येक भागाच्या तोंडाशी एक. गर्दी नाचती ठेवायची असेल तर संथ भाग येण्याच्या आठ मात्रा आधी दुसऱ्या गाण्यावर या. संथ भागातून बाहेर पडायचं असेल, तर पुढचं गाणंही संथ फंकच निवडा. वेगवान गाण्याला ओढून-ताणून जुळवलंत तर ते लंगडतं. अल्बममधलं गाणं सव्वासहा मिनिटांच्या आसपास आहे, सिंगलवरचं, म्हणजे सुट्या रेकॉर्डवरचं, चार मिनिटांच्या थोडं वर. विल्यम ऑर्बिटने केलेली रिमिक्सही बारा इंची सिंगलवर आहेत.

माझ्या एलपीवर हेच गाणं फाटल्यासारखं वाजतं, बाकी बाजू स्वच्छ आहे. रेकॉर्ड बाद समजू का? (ठाणे)

इतक्यात नको. ‘बॅटडान्स’ दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, म्हणजे लेबलाला टेकलेलं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत येईपर्यंत जेमतेम २१. तेवढ्या जागेत झांजा, ओरडा, गिटार, सगळं कोंबलेलं. त्याच्या आधीचं ‘स्कॅन्डलस’ संथ असल्यामुळे हा दोष तिथे लपून राहतो.

आधी सुई कोरड्या ब्रशने मागून पुढे साफ करा. मग प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन तपासायची आखीव पट्टी) ठेवून कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, आतल्या बिंदूवर, म्हणजे मध्यापासून ६६ मिलिमीटरवर, सरळ बसतं का ते पाहा. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. सुईचा दाब कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. मर्यादा १.८ ते २.२ ग्रॅम असेल तर २ किंवा २.१. कमी दाबाने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती जास्त खरवडते. फक्त उजवा स्पीकर फाटत असेल तर अँटी-स्केटिंग (सुईच्या दांडीची आत ओढली जाण्याची ओढ रोखणारी सोय) थोडं वाढवा. गोल टोकाची सुई असेल तर लंबगोल टोकाची लावून पाहा. एवढं करूनही फरक पडला नाही, तर आधीच्या मालकाच्या झिजलेल्या सुईने खाच खाल्लेली आहे आणि त्यावर इलाज नाही.

प्रिन्सच्या गाजलेल्या गाण्यांच्या १९९३च्या ‘द हिट्स’ संचात ‘बॅटडान्स’ का नाही? (पणजी)

चित्रपटासाठीच्या करारामुळे या अल्बममधली गाणी संकलनांतून बाहेर राहिली. प्रिन्सच्या मृत्यूनंतर, २०१६च्या अखेरीस आलेल्या ‘फोरएव्हर’मध्ये ‘बॅटडान्स’ आहे. तुमचा १९९३चा संच तीन डिस्कचा असेल तर तिसरी लावून पाहा: या अल्बमच्या सिंगल्सच्या मागच्या बाजूची ‘२०० बलून्स’, ‘फील यू अप’ आणि ‘आय लव्ह यू इन मी’ तिथे आहेत. ‘२०० बलून्स’ ऐकून लगेच ‘बॅटडान्स’ लावा. ‘बॅटडान्स’मध्ये घेतलेली ‘२०० बलून्स’ची कात्रणं कानाला आपोआप ओळखू येतील.